मे महिन्यातलं पाणी

वाळूज, मे महिना. बाहेर 42 डिग्री, ओठ फुटतील इतकी कोरडी हवा, अन् आत हीट ट्रीटमेंटच्या शॉपमधी भट्टी चालू. हे जॉब, म्हणजे भट्टीत तापवायचे सुटे भाग, ठेवायचे ट्रे बघा, रोज तापतात, रोज गार होतात, मग वाकतात, चिरतात अन् शेवटी भंगारात.

यासाठी एक भारी मटेरियल आहे, निकेलचे 3 अणू अन् ॲल्युमिनियमचा 1, सगळे आपापल्या जागी शिस्तीत बसलेले, याला इंटरमेटॅलिक म्हणतात. साधं पोलाद तापलं की नरम पडतं, हे मात्र 600-700 डिग्रीपर्यंत उलट दमदार होत जातं. घोडं अडायचं ते गार असताना. वाकवायला गेलं की खडीसाखरेसारखं कट्कन तुटायचं, तेही बरोबर दाण्यांच्या सांध्यातून (धातू म्हणजे एकमेकांना चिकटलेले बारीक क्रिस्टल, तेच हे दाणे), अन् एकच अखंड क्रिस्टल घेतला तर तो मस्त ताणला जायचा. मग काय, सगळ्यांनी ठरवून टाकलं की सांधाच कच्चा.

1979 मध्ये जपानच्या आओकी अन् इझुमी यांनी त्यात थोडा बोरॉन टाकला. पुढं अमेरिकेत ओक रिजच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत सी. टी. लिऊ यांच्या टीमनं ते हिशोबात बसवलं: किलोमागं जेमतेम 1 ग्रॅम, अन् जो तुकडा ताणायच्या आधीच तुटायचा तो जवळपास दीडपट लांब व्हायला लागला! पण ॲल्युमिनियम अणूंच्या मोजणीत 25 टक्क्यांच्या जरा खाली, 24 च्या आसपास पाहिजे, नाहीतर बोरॉनही हात टेकतो.

खरी गंमत नंतर कळली. बिनबोरॉनचाच तुकडा एकदम कडक व्हॅक्यूममधी ओढला, तर तोही बऱ्यापैकी ताणला गेला. म्हणजे सांध्यावर इतकी वर्षं निम्मा आळ फुकटच! चोर निघाली हवेतली वाफ. धातू ताणला की उघडं ॲल्युमिनियम वर येतं, ते वाफेतला ऑक्सिजन ओढून घेतं अन् हायड्रोजन सुटा पडतो, एकेकटा अणू, तो चिरेच्या टोकातून आत शिरतो अन् सांधा उसवत जातो. त्याला किती पाणी लागतं? लई थोडं. आपल्याला मेची हवा भाजते, या धातूला मात्र तीही ओलीच. बोरॉन सांध्यात जाऊन बसतो, पकड वाढवतो अन् हायड्रोजनची वाट पण अडवतो.

लोखंड-ॲल्युमिनियमचं भावंड स्वस्त, जालन्याच्या सळईवाल्यांना ऐकायला बरं वाटेल, पण ते जास्त हट्टी. तुटायच्या आधी हवेत जेमतेम 2 टक्के लांबतं, कोरड्या ऑक्सिजनमधी जवळपास 18. तिथं बोरॉननं सांधा सावरतो, तर चीर थेट दाण्यातूनच जाते, अन् दमटपणाचा त्रास काही सुटत नाही. त्याच घराण्यातल्या कमी ॲल्युमिनियमवाल्या धातूत 2 ते 5 टक्के क्रोमियम टाकलं की जरा सुधारतं, कारण वरची साय, म्हणजे ऑक्साइडचा पातळ थर, बदलते अन् हायड्रोजन कमी सुटतो.

निकेलवाल्याचे ट्रे अमेरिकेत कार्बुरायझिंगच्या, म्हणजे पोलादाच्या पृष्ठभागात कार्बन मुरवायच्या, भट्ट्यांत लावून पाहिले, त्यात क्रोमियम, मॉलिब्डेनम, झिर्कोनियम होतं, अन् तो चिमूटभर बोरॉनही.