रडत नाही, मग दुखत नसेल!

नमस्कार. पत्रिकेत माझा विषय छापलाय, 'कुत्र्याचा हाडाचा कॅन्सर : निदानानंतर काय?' तिकडे येतोच. पण आधी मला एका वाक्याचा समाचार घ्यायचाय. इंदुरातल्या मराठी घरांत मी ते इतक्यांदा ऐकलंय की आता कान किटले : 'रडत नाही ना? मग दुखत नसेल.'

आमच्याकडे ग्रेट डेन होता, नाव सुभेदार. होळकरांच्या गावात राहून दुसरं काय ठेवणार? मल्हाररावांची मनोमन क्षमा मागूनच ठेवलं होतं. तर सुभेदार पुढच्या पायानं लंगडायला लागले, मनगटाच्या जरा वर सूज. रामबागेत बातमी फिरली आणि सल्लागार मंडळ बसलं. शेजारचे काका म्हणाले, मोच आहे, तेलानं चोळा. आत्याबाईंनी हळदीचा लेप धाडला. भाचा सराफ्यात गराडू खाऊन मध्यरात्री उगवला आणि म्हणाला, 'टेंशन मत लो भिया, सब ठीक हो जाएगा.' मला! मामाला भिया! आणि एका नातलगानं तर खिशातून स्वतःच्या गुडघेदुखीची गोळी काढली. 'मला लागू पडते, ह्याला का नाही पडणार?'

हसताय, पण आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक असल्या आपल्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं जातात. आणि चोळायचं म्हणाल, तर आत गाठ असली की हाड पोखरलेलं असतं, जोर पडला तर मोडतं. या सगळ्या सल्ल्यांना आधार एकच, सुभेदार ओरडत नव्हता. अहो, कुत्रा असल्या दुखण्यात सहसा ओरडत नाहीच! पाय उचलून धरतो, जिना टाळतो, तीच जागा चाटत बसतो, रात्री जागा बदलत राहतो. ज्याला लंगडणं दिसतंय, त्याला आणखी कसला पुरावा हवा?

शेवटी एक्स-रे झाला. ऑस्टिओसार्कोमा. कुत्र्यांच्या हाडातच सुरू होणाऱ्या कॅन्सरमध्ये सुमारे ८५ टक्के हाच असतो. ग्रेट डेन, रॉटवायलर, सेंट बर्नार्ड अशा थोराड जातींना जास्त. जागाही बहुधा ठरलेल्या : पुढच्या पायात कोपरापासून लांब, मागच्या पायात गुडघ्याजवळ.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं! बरं, आता मुख्य विषय.

पहिला प्रश्न सगळे विचारतात, किती महिने? नुसता पाय काढला तर साधारण ४ ते ५, जोडीला कार्बोप्लॅटिनसारखी किमो दिली तर १० ते १२. कारण निदान होईपर्यंत जवळजवळ ९० टक्के कुत्र्यांत रोगाच्या पेशी पुढे, बहुतेक फुफ्फुसांकडे, निघालेल्या असतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या. म्हणून तिथे दिसण्याइतक्या गाठी झाल्यात का, हे बघायला छातीचा एक्स-रे आधी. पण पाय काढायचा तो मुख्यतः दुखण्यासाठी. दुखरं हाडच गेलं की दुखणं थांबतं. 'बिचाऱ्याला तीन पायांचा केला' असं माणसं म्हणतात, कुत्रा मात्र बहुधा काही दिवसांत चालायला लागतो. अवजड कुत्र्याचे बाकीचे सांधे मात्र आधी तपासून घ्या. दुसरं मत हवं तर महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळच आहे.

शस्त्रक्रिया नको असेल तर दुखणं कमी करायला डॉक्टरांच्या मात्रेनं मेलोक्सिकॅम, गॅबापेन्टिन ही औषधं, आणि सलाइनमधून हाडाचं दुखणं कमी करणारं पॅमिड्रोनेट. घरात गुळगुळीत फरशीवर सतरंज्या टाका, जिन्याला फळी लावा. तरीही वेदना आवरेनाशा झाल्या, तो खायला उठेना, की शेवटच्या इंजेक्शनचं बोला. हाड मोडलं तर तो निर्णय त्याच दिवशी घ्यावा लागू शकतो, म्हणून फॉर्मवर सही कोण करणार, जवळ कोण बसणार, हे घरातल्यांनी आधीच ठरवा. सल्लागार मंडळाला त्या बैठकीचं आमंत्रण देऊ नका.

किमोच्या खर्चाचं राहिलंच. अध्यक्षीणबाई घड्याळ दाखवताहेत, तेवढं चहाच्या वेळी विचारा.