बियाचा चिबूड

म्हसवड सोडलं की रस्ता माळाला लागतो. ढग सह्याद्रीवरच रिकामे होतात, माणदेशाच्या वाट्याला उरतो तो वारा. अशा मुलखात एका घरामागच्या परसात, मोरीच्या पाण्याच्या ओलीवर, एक वेल पसरलाय. चिबुडाचा.

पूर्वी इकडं बाजरीच्या बियाण्यातच वाळकाच्या, चिबुडाच्या चार बिया मिसळत. राखणीला गेलेल्या पोरांचा तो खाऊ. चिबूड पिकला की घमघमतो आणि त्याची साल आपोआप तडकते. आत पिठूळ, जेमतेम गोड गर. वर गूळ किसून घातला की वाटी रिकामी व्हायला वेळ लागत नाही.

पण तडकलेलं फळ टेम्पोत घालून सांगलीच्या बाजारात नेता येत नाही. त्यामुळं व्यापारी ते मागत नाही आणि बियाण्याच्या दुकानात ते सहसा दिसत नाही. भाषेनंही या मऊपणाची हेटाळणीच केली. भित्र्याला आपण ‘शेंदाड शिपाई’ म्हणतो, आणि शेंदाड म्हणजे चिबुडाचंच भावंड. बाजारापर्यंत न पोचणाऱ्या फळाचं बी परसातच राखावं लागतं.

राखायचं तेही फुलापासून. चिबूड, वाळूक, शेंदाड, खरबूज, सगळी एकाच जातीची. नरकचतुर्दशीला टाचेखाली फोडतो ते कडू कारीटसुद्धा त्यांतलंच! मधमाशीला बांध कळत नाही. कारिटाचा पराग परसातल्या फुलावर पडला, तरी यंदाचं फळ नेहमीसारखंच निघतं. फसगत कळते पुढल्या साली, त्या बियांच्या वेलावरचं फळ तोंडात कडू लागल्यावर. काकडी किंवा कलिंगड शेजारी असलं तर बिघडत नाही, त्यांची जात वेगळी.

संध्याकाळ झालीय. आजी वेलात बसल्यात. नरफुलं आधी येतात, ती मुख्य वेलावर. पाकळ्यांच्या मागं बारकं फळ असलेली मादीफुलं येतात बाजूच्या फांद्यांवर, म्हणून त्यांनी शेंडा आधीच खुडलाय. उद्या उमलणाऱ्या कळीचं टोक पिवळं दिसतं. नर आणि मादी, दोन्ही कळ्यांची तोंडं त्या दोऱ्यानं बांधतात. फळ धरणाऱ्या फुलातच पुंकेसर असतील, तर ते आताच चिमट्यानं काढतात.

सकाळी, ऊन चढायच्या आत, दोरे सुटतात. नरफुलाच्या पाकळ्या काढून त्याचा पराग मादीफुलाला हलकेच टेकवायचा आणि तोंड पुन्हा बांधायचं. देठाला लाल दोरा. बांधलेली सगळी फुलं धरत नाहीत. दोन धरली तरी आजी खूश. फळ सुपारीएवढं झालं की फळमाशीपासून जपायला त्याला जुन्या लुगड्याचं फडकं गुंडाळतात.

महिनाभरानं फळं तडकतात. नातसून हात पुढं करते.

“आगं पोरी, त्यो बियाचा हाय. त्येला हात लावू नगंस.”

बाकीचे घरानं खाल्ले, लाल दोऱ्याचा तेवढा कापायचा राहिला. आज तो पितळीत कापलाय. गरासकट बिया पाण्यात पडतात. पोचट वर तरंगतात, भरीव तळाला बसतात. तळच्या धुऊन सावलीत वाळवायच्या, मग चुलीच्या राखेत घोळायच्या. पुड्या दोन होतात. एक देवळीत जाते. दुसरी, दिवाळीला माहेरी निघालेल्या नातसुनेच्या पिशवीत.