तो तिसरा आकडा 'ड्रॉ' नाही हो! सेंट लुईस ब्लूजचा २०१८-१९ चा सीझन

नमस्कार मंडळी! चहा घेऊनच बसलेय, कारण आज थोडी चिडचिड होणार आहे.

झालं काय, २०२५ मध्ये आपल्या महिला आइस हॉकी टीमने आशिया कपात कांस्यपदक मिळवलं, त्यावर मी व्हिडिओ केला होता. त्यात ओघात बोलून गेले की मी नोकरीसाठी दोन वर्षं अमेरिकेत सेंट लुईसला होते आणि तिथल्या ब्लूज या आइस हॉकी टीमचा तो गाजलेला सीझन मी तिथे राहून पाहिलाय. तेव्हापासून रोज एक तरी कमेंट येते, "ताई, ब्लूजवर करा." म्हटलं करू. मग एक छोटी क्लिप टाकली, त्यात स्क्रीनवर ब्लूजचा रेकॉर्ड लिहिला होता, ४५-२८-९. खाली निम्म्या लोकांनी लिहिलं, "४५ जिंकले, २८ हरले, ९ ड्रॉ."

नाही. ड्रॉ नाही. त्यासाठीच आजचा व्हिडिओ आहे असं समजा, सीझनची गोष्ट त्याच्या आजूबाजूने येईल.

आधी बाकीचं पटकन उरकते. एनएचएल म्हणजे अमेरिका आणि कॅनडाची व्यावसायिक लीग. त्या वर्षी ३१ टीम, प्रत्येकीच्या ८२ मॅच. वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड. एका वेळी बर्फावर प्रत्येक टीमचे पाच खेळाडू आणि एक गोलकीपर. चेंडूऐवजी रबराची चकती, तिला पक म्हणतात. त्यातल्या १६ टीम प्लेऑफला जातात, तिथे प्रत्येक फेरीत सातपैकी चार जिंकायच्या, अशा चार फेऱ्या जिंकल्या की स्टॅनली कप. झालं. ऑफसाइड-बिफसाइड कमेंटमध्ये विचारा.

आता तिसरा आकडा.

साठ मिनिटांत बरोबरी झाली तर मॅच तिथे संपत नाही. पाच मिनिटांचा ओव्हरटाइम, त्यात दोन्हीकडून तीन-तीनच खेळाडू. पहिला गोल ज्याचा तो जिंकला. तरी नाही सुटलं तर शूटआउट, म्हणजे एकेका खेळाडूने समोरच्या गोलकीपरवर एकट्याने जायचं. म्हणजे निकाल लागतोच. २००५-०६ पासून एनएचएलमध्ये ड्रॉ नावाची गोष्टच उरलेली नाही. जिंकणाऱ्याला दोन गुण. साठ मिनिटांत हरलात तर शून्य. पण ओव्हरटाइमला किंवा शूटआउटला हरलात तर एक गुण. तो तिसरा आकडा म्हणजे अशा हरलेल्या मॅच. हरलेल्या! ब्लूज त्या सीझनला २८ नाही, ३७ मॅच हरले. त्यातल्या नऊ जरा उशिरा हरले, एवढंच.

हे मी माझ्या बाबांना समजावलं तेव्हा त्यांना एका मिनिटात कळलं. बाबा साताऱ्याला असतात, तरुणपणी तालुक्याच्या संघातून कबड्डी खेळलेत. ते म्हणाले, "म्हणजे आपल्या प्रो कबड्डीसारखं." अगदी बरोबर. प्रो कबड्डीत बरीच वर्षं सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरलं की एक गुण मिळायचा. त्याला कोणी ड्रॉ म्हणालं का? सहा गुणांनी हरून आलेल्या संघाला "वा, बरोबरीत सुटली" असं म्हणून बघा! हा तोच प्रकार. झुंज दिलीत, घ्या एक गुण, पण हरलात.

आणि क्रिकेटवाल्यांनो, तुमचाही गोंधळ मला कळतो. आयपीएलमध्ये पावसाने मॅच धुतली की एकेक गुण वाटून देतात, म्हणून एक गुण दिसला की तुमच्या डोक्यात बरोबरी येते. पण सुपर ओव्हरला हरलेल्याला तिथे काय मिळतं? शून्य. आइस हॉकीत मिळतो. फरक तेवढाच आहे.

बरं, गोष्ट सांगते. मध्येच परत येईन मी यावर, सुटका नाही.

ब्लूज ही १९६७ पासूनची टीम, आणि तोपर्यंत एकदाही कप नाही. १९६८, ६९, ७० असे सलग तीनदा फायनलला गेले आणि तिन्ही वेळा चार-शून्य मार खाल्ला. २०१८ च्या उन्हाळ्यात बफेलोहून रायन ओ'रायलीला आणलं, सगळे म्हणाले यंदा काहीतरी होणार. झालं काय, तर १९ नोव्हेंबरला कोच माइक यो यांना घरी पाठवलं आणि क्रेग बेरूबींना हंगामी म्हणून उभं केलं. डिसेंबरमध्ये तर रॉबर्ट बोर्टुझो आणि झॅक सॅनफर्ड या एकाच टीमच्या दोघांची सरावात मारामारी झाली. ग्लोव्ह टाकून, ठोसे देऊन! ही दोन नावं लक्षात ठेवा.

माझी पहिली मॅच त्याच डिसेंबरमधली. ऑफिसात एकाकडे तिकिटं होती आणि कोणी घेईना. आपण काय, फुकट म्हटल्यावर निघालो. मी घरच्या शालीवर जाकीट चढवून गेले, कारण आत बर्फ आहे एवढंच माहीत होतं. एक गंमत सांगते, टीव्हीवर जे कळत नाही ते तिथे कळतं, आवाज! पात्यांचा बर्फावर खर्रर्र आवाज होतो ना, किसणीवर गाजर धरल्यासारखा. आणि पक कडेच्या भिंतीवर आदळला की काळजात धस्स होतं. बाजूच्या काकांनी ब्लूजचा एकही गोल व्हायच्या आत दोनदा सांगितलं, "घरी जा, पोरी." मी थांबले. तिकीट फुकट असलं तरी पार्किंगचे पैसे दिले होते.

३ जानेवारी २०१९. सकाळी तक्ता उघडला तर ब्लूज ३१ पैकी ३१ वे. रेकॉर्ड १५-१८-४. चला, आता तुम्ही सांगा. किती हरले? १८ म्हणणाऱ्यांनी व्हिडिओ मागे घ्या. १८ अधिक ४, बावीस. ३७ मॅचमध्ये २२ पराभव. गुण? पंधरा दुणे तीस, अधिक चार, चौतीस. म्हणजे ते सांत्वनाचे चार गुण धरूनसुद्धा तळाला!

माझ्या फ्रिजवर एक छोटी पांढरी पाटी होती, दूध-अंडी-कोथिंबीर लिहायची. त्या दिवसापासून कोथिंबिरीखाली मी ब्लूजचे आकडे लिहायला लागले. नवरा म्हणाला, "याचं काय आता?" पुढे तोच घरी आल्या आल्या आधी पाटी बघायचा.

७ जानेवारीला फिलाडेल्फियात जॉर्डन बिनिंग्टन नावाच्या गोलकीपरला पहिल्यांदा सुरुवातीपासून उतरवलं. हा २०११ च्या ड्राफ्टमधला (टीम नवे खेळाडू निवडतात तो), म्हणजे सात वर्षं खालच्या लीगमध्ये घासत होता. आदल्या सीझनला तर ब्लूजकडे त्याला ठेवायला स्वतःची जागा नव्हती, म्हणून उसना दिला होता. कुणाला? बोस्टनच्या दुय्यम टीमला. तेही लक्षात ठेवा. त्याने पहिल्याच मॅचला एकही गोल होऊ दिला नाही, ३-०. आदल्या संध्याकाळी काही खेळाडू तिथल्या एका बारमध्ये होते आणि तिथे 'ग्लोरिया' हे ऐंशीच्या दशकातलं गाणं लागल्यावर सगळे नाचत होते, ते पाहून यांनी ते विजयाचं गाणं करून टाकलं. मे महिन्यापर्यंत ते मला वाण्याच्या दुकानात, लिफ्टमध्ये, दातांच्या डॉक्टरकडे, सगळीकडे ऐकू यायचं. अजून कुठे लागलं की दाढ दुखते.

जानेवारीअखेर ते फेब्रुवारी, सलग अकरा विजय. ३ जानेवारीनंतरचा रेकॉर्ड ३०-१०-५. बिनिंग्टनचा स्वतःचा २४-५-१. "सगळं बिनिंग्टनमुळेच" असं एकजण प्रत्येक व्हिडिओखाली लिहितात. दादा, अर्धं बरोबर. पण बेरूबींनी पुढे जाऊन दाबायचं, अंगावर जायचं, असा साधा खेळ लावून दिला होता, आणि ओ'रायली दोन्ही टोकांना राबत होता. मागे भरवशाचा माणूस आला तेव्हा पुढच्यांची भीती गेली, असं माझं मत.

सीझन संपताना त्यांच्या विभागाच्या तक्त्यातल्या वरच्या तीन ओळी पाटीवर लिहिल्यात, दिसताहेत का? (पाटी कॅमेऱ्याजवळ धरते.) नॅशव्हिल ४७-२९-६. विनिपेग ४७-३०-५. सेंट लुईस ४५-२८-९. आता नीट बघा. नॅशव्हिल आणि विनिपेग, दोघांचे विजय ४७. दोघांचे पराभव? २९ आणि ६, पस्तीस. ३० आणि ५, पस्तीस. सेम टू सेम! तरी नॅशव्हिल १०० गुणांवर पहिले आणि विनिपेग ९९ वर दुसरे. कारण नॅशव्हिल एक मॅच जास्त वेळ घेऊन हरले. आणि ब्लूज? विनिपेगपेक्षा दोन विजय कमी, तरी गुण ९९. त्यातले नऊ गुण हरून मिळवलेले.

मला हा नियम आवडत नाही, हे सांगूनच टाकते. मॅच साठ मिनिटांत संपली तर दोन गुण वाटले जातात आणि लांबली तर तीन. दोन भाकऱ्यांचं पीठ मळलं आणि तव्यावरून तीन उतरल्या! तिसरी आली कुठून? म्हणूनच शेवटच्या पाच मिनिटांत बरोबरी असली की दोन्हीकडचे गपगुमान खेळतात. एक तर पदरात पडलाच आहे.

प्लेऑफमध्ये मात्र गुण नाहीत. तिथे ओव्हरटाइम वीस-वीस मिनिटांचा, पाच-पाच खेळाडूंनी, गोल होईपर्यंत. शूटआउटही नाही. हरला तो हरला, तिसरा आकडाच गायब. एकांनी विचारलं होतं, "फायनलची दुसरी मॅच बोस्टन ओव्हरटाइमला हरलं, मग त्यांना एक गुण?" अहो, नाही!

पहिल्या फेरीत विनिपेगला सहा मॅचमध्ये काढलं. दुसरी फेरी डॅलसशी, सातवी मॅच, दुसरा ओव्हरटाइम. बाबा भारतातल्या सकाळी साडेपाचपासून फोनवर, नऊ वाजत आले, बँकेत जायचं राहिलं. गोल केला पॅट मरूनने, हा सेंट लुईसचाच मुलगा. शेजारचा माणूस बाल्कनीत पातेलं बडवत होता.

तिसरी फेरी सॅन होजेशी, तिथे तिसऱ्या मॅचला तर त्यांच्या खेळाडूने ढळढळीत हाताने पक ढकलून पुढे दिला आणि त्यावर ओव्हरटाइमचा गोल झाला. पंचांना दिसलं नाही, व्हिडिओवर तपासायची तेव्हा सोय नव्हती. पुढच्या सीझनपासून नियम बदलला. ब्लूज आठवडाभर रडत बसतील असं वाटलं, त्यांनी पुढच्या तिन्ही मॅच घेतल्या.

फायनल बोस्टनशी. दुसऱ्या मॅचच्या शेवटी कार्ल गुनारसनचा फटका खांबाला लागून परतला. मधल्या वेळेत तो मुतारीत बेरूबींच्या शेजारी उभा राहून म्हणाला, अजून एक संधी द्या. ओव्हरटाइमला त्यानेच गोल मारला. फायनलमध्ये ब्लूज तोपर्यंत तेरा मॅच खेळले होते आणि तेराही हरले होते. हा पहिला विजय.

१२ जून, सातवी मॅच, बोस्टनमध्ये. पहिल्या पिरियडमध्ये बोस्टन तुटून पडलं होतं, आणि बिनिंग्टन एकेक फटका अडवत बसला होता, तोच बोस्टनने सांभाळलेला उसना गडी. ओ'रायलीने एक मारला, पिरियड संपायला आठ सेकंद असताना कॅप्टन पिएट्रँजेलोने दुसरा. शेवटी ४-१. चौथा गोल सॅनफर्डचा. आणि दुसऱ्या मॅचमध्ये एक गोल बोर्टुझोचा होता. डिसेंबरमध्ये एकमेकांना बडवणारे हेच ते दोघे!

बाहेर गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. मी खिचडीचं ताट तसंच ठेवून बाबांना फोन लावला, म्हटलं, जिंकले! बाबा म्हणाले, "पाहिलं. आणि बोस्टनला काही नाही मिळणार, साठ मिनिटांतच हरले ना."

मी म्हटलं, "हो बाबा. अगदी बरोबर."