पानठेल्यामागचा कडुनिंब

खर्ऱ्याची पन्नी उघडली की आधी दिसतो सुपारीचा चुरा. तंबाखू आणि चुना त्यात घोटून एकजीव झालेला. तंबाखू वगळून नुसती सुपारी चघळली, तरी तीही कर्करोगकारकच. विदर्भातल्या फाट्याफाट्यावर असे पानठेले आहेत, आणि बऱ्याचदा ठेल्याला सावली असते कडुनिंबाची.

या पाल्याचा अर्क तोंडाच्या कर्करोगाच्या पेशी मारतो का? प्रयोगशाळेत मारतो. पण हे मोजतात कसं, ते बघू.

पाला सावलीत वाळवायचा, उन्हात नाही. 10 ग्रॅम भुकटी 100 मिलिलिटर 70 टक्के इथेनॉलमध्ये दोन दिवस हलवत ठेवायची, गाळायची, 40 अंशांवर इथेनॉल उडवायचं. तळाशी उरतो डांबरासारखा हिरवट-काळा चिकटा. तो पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवायचा. 1 मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम.

आता ही 96 खळग्यांची प्लेट. खळग्यात साधारण 5 ते 10 हजार पेशी. त्या तळाला चिकटायला एक रात्र, मग अर्क, 24 ते 72 तास. शेवटी एमटीटी नावाची पिवळी पूड विरघळवून घालतात. जिवंत पेशी तिचे जांभळे स्फटिक करतात, मेलेल्या करत नाहीत. जांभळा जितका फिका, तितक्या पेशी कमी.

इथेच गफलत होते. वनस्पतीतली काही द्रव्यं पेशी नसतानाही पिवळ्याचं जांभळं करतात. पेशी मेलेल्या, रंग मोजणारं यंत्र म्हणतं जिवंत! म्हणून काही खळग्यांत पेशी न घालता फक्त अर्क आणि एमटीटी ठेवायचं, आणि तो आकडा वजा करायचा. काहींत पेशी, पण अर्काऐवजी फक्त डीएमएसओ, कारण जास्त झालं तर तेच पेशी मारतं. कडेचे खळगे लवकर सुकतात. त्यांत नुसता बफर भरलेला बरा.

आणि पेशी कुठल्या? ‘केबी’ या पेशी तोंडाच्या कर्करोगाच्या म्हणून वर्षानुवर्षं वापरल्या गेल्या. तपासणीत त्या निघाल्या हेला, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या. शोधनिबंधात ‘केबी’ दिसलं की आम्ही तिथेच थबकतो.

शेवटी बघायचा आकडा एकच: निम्म्या पेशींची वाढ थांबवायला किती अर्क लागला. कच्च्या अर्कासाठी मिलिलिटरला 30 मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर पुढे बघण्यासारखं. 500 लागत असेल तर सोडून द्यावं. तोंडाच्या निरोगी पेशीही तेवढ्यातच मरत असतील, तर तो अर्क औषध नव्हे, नुसतं विष.

अंगणातली सदाफुली बघा. तिच्यातून व्हिन्क्रिस्टीन निघालं, कर्करोगावरचं खरं औषध. पण पाल्यातून ते रेणू निवडून काढावे लागतात, शिरेतून मोजून द्यावे लागतात. पानं चावून ते होत नाही.

पाल्याचा लेप लावून बसण्यात उपचाराचे महिने वाया जातात. आरशासमोर उभं राहा. तोंड उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत घाला. दोनच जात असतील, किंवा गालातला पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नसेल, तर दंतवैद्याकडे जाऊन तोंड दाखवा, आणि ते म्हणाले तर त्या जागेचा तुकडा तपासून घ्या.