ग्रॅमचा काटा

(जळगावात फॅशन डिझाइन शिकणाऱ्या मुलामुलींसमोर आणि त्यांच्या पालकांसमोर केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

नमस्कार. ओळख करून देताना सर म्हणाले, 'मोठ्या डिझायनरकडे काम केलेली आपली मुलगी.' आधी तेवढं दुरुस्त करते. मी तिथे सहा महिने इंटर्न होते. त्या सहा महिन्यांत डिझायनर माझ्याशी चार वेळा बोलले, त्यातलं दोन वेळा 'दार लाव' एवढंच.

मी धरणगावची. माझे वडील, नाना, जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर होते. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागायच्या तेव्हा ते जेवायलाही वेळेवर यायचे नाहीत. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, ओलावा किती, कवडी म्हणजे खराब पिवळट कापूस किती, कटती म्हणजे वजनातली कपात किती धरायची यावरून रोज कुणाशी तरी वाद. माय घरी फॉल-पिको करायची. आता तुम्हाला वाटेल, मायचं बघून ही फॅशनकडे वळली. तसं खरंच काही नाही. फॉल-पिकोचा मला कंटाळा होता. मला चित्रं काढायची होती.

इंटर्नशिपच्या पहिल्या दिवशी चाळीस स्केचेसचा पोर्टफोलिओ काखेत मारून लोअर परळच्या त्या स्टुडिओत गेले. जुन्या गिरणीच्या आवारातला स्टुडिओ. १९८२च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकेक करत बसल्या आणि त्यांच्या जागी हे आलं: काचा, ऑफिसं, कॉफी, आणि आमच्यासारखे स्टुडिओ. पोर्टफोलिओ कुणी उघडलाच नाही. मला मागच्या स्टोअरमध्ये नेलं, एक रजिस्टर दिलं आणि टेबलावरचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा दाखवला. काम असं, की कारागीर येतील, त्यांना कटदाणा (काचेचे बारीक नळीसारखे मणी), सितारा (टिकल्या), दबका, नक्शी (धातूच्या तारेची वेटोळी), मोती, जे लागेल ते ग्रॅमवर मोजून द्यायचं, लिहायचं, संध्याकाळी उरलेलं परत मोजून घ्यायचं. दिलेलं वजा आलेलं म्हणजे त्या कपड्यावर लागलेलं.

रात्री घरी फोन केला. नाना कितीतरी वेळ हसत होते. "म्हणजे काट्यावरच बसवलं तुला," म्हणाले. मागून आजी ओरडली, "मंग तू तठे शिवस का नही?" शिवत नव्हते. सहा महिन्यांत मी एकही कपडा शिवला नाही.

ज्यांनी अड्डा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. खाटेएवढी लाकडी चौकट, कधी त्याहून लांब. तिच्यावर कापड दोरीने ओढून ढोलासारखं ताणतात. दोन्ही बाजूंना कारागीर मांडी घालून बसतात. आमच्याकडचे बहुतेक पश्चिम बंगालचे, काही उत्तर प्रदेशचे. नक्षी आधी बटर पेपरवर काढतात, रेषेरेषेवर सुईने बारीक भोकं पाडतात. याला खाका म्हणतात. खाका कापडावर ठेवायचा आणि रॉकेलमध्ये कालवलेली पावडर बोळ्याने वरून फिरवायची. गडद कापडाला पांढरी, फिक्या कापडाला निळी. खाका उचलला की खाली ठिपक्यांची नक्षी. माझ्या ड्रेसांना तीन महिने रॉकेलचा वास होता. पीजीतली मैत्रीण विचारायची, तू फॅशनला जातेस की पेट्रोल पंपावर?

आता आरी. आरी म्हणजे टोकाला बारीक आकडा असलेली सुई, लाकडी मुठीत बसवलेली. कारागिराचा उजवा हात कापडाच्या वर आणि डावा कापडाच्या खाली. खालच्या हातात दोरा. आरी खाली जाते, डावा हात न बघता तिच्या आकड्यात दोरा अडकवतो, आरी वर येताना दोऱ्याचा फास घेऊन येते. मणी असतील तर ते आरीच्या टोकावर आधीच ओवलेले, एकेक खाली सोडत जायचे. मी तासन् तास त्या खालच्या हाताकडे बघायचे, अड्ड्याखाली डोकं घालून. अर्धं काम तिथे होतं आणि ते कुणाला दिसत नाही. स्वतः करून पाहिलं तेव्हा दहा मिनिटांत चार वेळा बोटात आरी गेली. आकडा असल्यामुळे ती सरळ निघतही नाही.

पॅरिसमध्ये हीच कला वेगळ्या पद्धतीने चालते. लुनेव्हिल या गावाच्या नावाने ओळखली जाते. तिथे मणी आधी दोऱ्यात ओवतात आणि कापड उलटं ताणतात. म्हणजे कारागीर काम करतो उलट्या बाजूने, मणी लागतात खाली, सुलट्या बाजूला. पूर्ण होईपर्यंत तो मण्यांचा चेहरा बघतच नाही. आपले कारागीर सुलट्या बाजूने काम करतात. कुठली पद्धत श्रेष्ठ असल्या भांडणात मी पडत नाही, पण आमच्या अड्ड्यावरच्या बुजुर्ग कारागिराला, चाचांना, हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "फिर उनको मज़ा कब आता है?"

विषय निघालाच आहे तर 'ओत कुत्यूर' हा शब्द, म्हणजे पॅरिसचं मापावर केलेलं उंची शिवणकाम. आपल्याकडे लग्नाच्या लेहेंग्याच्या दुकानावरसुद्धा 'कुत्यूर' लिहिलेलं असतं. फ्रान्समध्ये 'ओत कुत्यूर' असं कुणालाही लिहिता येत नाही. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ नावाचा एक इंग्रज पॅरिसला येऊन सम्राज्ञी युजेनीचे कपडे करायला लागला, त्याच्या काळात, १८६८ साली, तिथल्या शिवणघरांची संघटना उभी राहिली. १९४५पासून हा शब्द कायद्याने राखीव आहे. गिऱ्हाइकाच्या मापाने कपडा करायचा, पॅरिसमध्ये स्वतःचा कारखाना हवा, पूर्णवेळ माणसं ठरावीक संख्येत हवीत, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, कलेक्शन दाखवायचं. बाहेरच्या देशांतल्यांना पाहुणे म्हणून बोलावतात. डिझायनर राहुल मिश्रा जानेवारी २०२० मध्ये तिथे गेले, भारतातले पहिले. आणि तिथल्या कारखान्यात हाताने शिवणाऱ्या बायांना 'पतीत मँ' म्हणतात, म्हणजे लहान हात. शब्द गोड आहे. मला तो थोडा जास्तच गोड वाटतो.

अशा बिननावाच्या हातांच्या बाबतीत मुंबईची एक गोष्ट. ३० मार्च २०२३ला पॅरिसच्या दिओर या फॅशन कंपनीने गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला. मागे भलंमोठं भरतकामाचं तोरण होतं, मुंबईच्या चाणक्य या भरतकामाच्या कंपनीने केलेलं, आणि चाणक्यचं नाव उघडपणे घेतलं गेलं. त्याची बातमी झाली. बातमी झाली म्हणजे काय, ते तुम्हीच समजून घ्या.

आता माझी चूक सांगते. दुसऱ्या महिन्यातली. एका गडद हिरव्या ऑर्गेन्झावर, म्हणजे पातळ पारदर्शक कापडावर, राखाडी कटदाण्याचं काम चालू होतं. एक पाकीट संपलं, मी दुसरं फोडलं. नंबर तोच, दुकान तेच. ट्यूबलाइटखाली दोन्ही शेजारी धरले, अगदी एकसारखे. वजन केलं, दिलं, लिहिलं. चार कारागीर, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी अड्डा हलवायचा म्हणून खिडकीपाशी नेला आणि पदर सरळ दोन तुकड्यांत दिसायला लागला. अर्धा राखाडी, अर्धा जांभळट. दोन वेगळ्या लॉटचे मणी. दिव्याखाली एक दिसणारे दोन रंग सूर्याच्या उजेडात वेगळे निघतात. रंगाचं शास्त्र शिकवताना हे कॉलेजात सांगितलं होतं, परीक्षेत मी लिहिलंही होतं, चांगले मार्क पडले होते.

कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. चाचांनी कात्री घेतली आणि उसवायला बसले. आरीची साखळी एका टोकाने सुटली की सरसर सुटते, पण ऑर्गेन्झावर भोकं राहतात. म्हणून ते दोरा कापून, एकेक घर चिमट्याने काढत होते. मी खाली पडलेले मणी गोळा करत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "बेटा, रंग दिन में देखो."

आणि मला नाना आठवले. जिनिंगच्या शेडमध्ये दिवे होते की. पण नाना पोत्यातून चिमूटभर कापूस काढायचे आणि चालत दारापर्यंत जायचे. दोन अंगठ्यांमध्ये धरून हळूहळू ओढायचे, तार किती लांब येते ते बघायचे, मग उजेडाकडे धरायचे. गाडीवाला घाई करायचा. ते म्हणायचे, शेडमध्ये सगळाच कापूस पांढरा दिसतो. वीस वर्षं हे बघितलं मी. तो माणूस दारापर्यंत का चालत जातो, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

त्यानंतर मी रजिस्टरमध्ये लॉट नंबरचा रकाना वाढवला आणि प्रत्येक पाकिटातले पाच मणी दोऱ्यात ओवून पानाला टाचले. ते रजिस्टर अजून तिथे वापरतात असं कळलं. माझ्या इंटर्नशिपमधून त्या स्टुडिओला उरलेली वस्तू ही.

दुसरीही एक उरली, पण तिच्यावर माझं नाव नाही. गोधडीचे टाके कसे जातात बघा, कडेपासून सुरू होतात आणि चौकोनात आत आत फिरत मधोमध संपतात. तो फिरता धावदोरा मी दबक्यात करून पाहिला होता, म्हणजे चाचांनी माझ्या खाक्यावरून केला होता. हातभर स्वॉच, म्हणजे नमुन्याचा तुकडा. तो कलेक्शनमधल्या एका जॅकेटच्या बाहीवर आला. मला कुणी विचारलं नाही, सांगितलंही नाही. आठवडाभर माझं जेवणात लक्ष नव्हतं. मग एकदा रजिस्टर काढून त्या जॅकेटचा हिशेब मांडला, सवयीने. चार माणसं, एकोणीस दिवस, रोजचे आठ तास: सहाशे आठ तास. माझा खाका दीड तासाचा. मला अजून वाटतं की मला विचारायला हवं होतं. फक्त यादीत माझा नंबर पाचवा लागतो, एवढं त्या हिशेबाने कळलं.

पैशांचं पटकन सांगते, कारण पालक बसलेत. मला महिन्याला पाच हजार कबूल केले होते, पहिले पैसे तीन महिन्यांनी आले. पीजीचं भाडं त्याहून जास्त. नानांनी किती पाठवले ते मी इथे सांगणार नाही. फ्रान्समध्ये दोन महिन्यांपेक्षा जास्त इंटर्नशिप असेल तर मोबदला देणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे जे ठरलं असेल ते जाण्याआधी लेखी मागा: रक्कम, तारीख, कामाचे तास. मागितलं म्हणून जागा गेली तर ती तशीही परवडणारी नव्हती. आणि चपटे बूट न्या. पहिल्या दिवशी मी हील घालून गेले होते.

शेवटच्या आठवड्यात नवरीचा एक लेहेंगा पूर्ण झाला. स्टोअरमधल्या काट्यावर तो मावेना, म्हणून कुरिअरच्या काट्यावर ठेवला. नानांना फोन लावला होता. काहीही विचारायच्या आधी त्यांचा प्रश्न आला, "वजन कितलं शे?" साडेनऊ किलो. ते म्हणाले, "अंगावर घालून पोरगी चालणार कशी?" हा प्रश्न त्या स्टुडिओत सहा महिन्यांत कुणी विचारलेला मी ऐकला नव्हता.

तिकडे टेबलावर मी काही स्वॉच आणलेत. हिरव्या ऑर्गेन्झाचा तो उसवलेला तुकडाही आहे, मागून घेतला होता. हात लावून बघा, उलटे करून बघा. फक्त या हॉलच्या दिव्याखाली बघू नका, व्हरांड्यात न्या. ऊन उतरायला अजून अर्धा तास आहे.