फॉरमॅट मारणं थांबवू या

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय 'लॅबसाठी फॉग सर्व्हरची उभारणी', आणि उभारणी मी सांगणारच आहे. फॉग म्हणजे एका तयार मशीनच्या डिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे 'इमेज', घेऊन ती नेटवर्कवरून बाकीच्या मशीनवर उतरवणारं सॉफ्टवेअर. समोर बहुतेक लॅब असिस्टंट आहेत, काही सिस्टिम ॲडमिन आहेत, मागच्या रांगेत दोन-तीन एचओडी, म्हणजे विभागप्रमुखही दिसतायत. त्यामुळे बूट ऑर्डर म्हणजे काय, आयपी कुठून मिळतो, यात वेळ घालवत नाही. पण त्याआधी थोडं दुसरं बोलायचंय. ते पटलं नाही तर सर्व्हर उभा राहील आणि सहा महिन्यांत कोपऱ्यात धूळ खात पडेल.

लॅबमधलं मशीन बिघडलं की आपण काय करतो? फॉरमॅट मारतो. पेनड्राइव्ह लावायचा, विंडोज टाकायचं, मग ड्रायव्हर, ऑफिस, जावा, पायथन, डेटाबेस, मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड, प्रिंटर. डॉसबॉक्समधलं जुनंपुराणं टर्बो सीसुद्धा. हसू नका, तुमच्यापैकी निम्म्या लॅबमध्ये ते अजून आहे, मला माहितीये. एका मशीनला अर्धा दिवस सहज जातो. आणि हे सगळं कधी चालतं? एक्स्टर्नल परीक्षक येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी, शिपायाला किल्ली मागून, उशिरापर्यंत थांबून.

मेहनतीची तक्रार नाही, मेहनत तुम्ही करताच. पण त्यातून निघतं काय? ३० मशीन आणि ३० तऱ्हा. एकावर पायथन ३.८, शेजारच्यावर ३.११. मुलानं वर्षभर एका मशीनवर प्रोग्रॅम चालवला, परीक्षेच्या दिवशी त्याला दुसरं मशीन मिळालं आणि तिथे लायब्ररीच नाही. त्याचे मार्क गेले. यात त्याची काय चूक? मला हा सरळसरळ अन्याय वाटतो, आणि तो टाळता येतो हे माहीत असल्यामुळे जास्तच टोचतो.

म्हणून माझं म्हणणं असं. प्रत्येक लॅबची एक पक्की इमेज असावी. ती लॅब सांभाळणाऱ्या माणसानंच घडवावी आणि ती संस्थेच्या स्वतःच्या डिस्कवर राहावी. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये आपण खुर्ची लिहितो, पंखा लिहितो, मोडका माउससुद्धा 'निर्लेखित' म्हणून लिहितो. ज्या इमेजमुळे लॅब चालते, तिची मात्र कुठेच नोंद नसते. ती असते एएमसीवाल्याच्या, म्हणजे वार्षिक देखभालीचा ठेका घेणाऱ्या एजन्सीच्या, खिशातल्या डिस्कवर.

हे मी एका कॉलेजात फार जवळून पाहिलंय. नाव घेत नाही. तिथल्या एजन्सीनं लॅबची चांगली इमेज बनवून ठेवली होती, काम व्यवस्थित चालायचं. मग टेंडर बदललं. जुनी एजन्सी गेली आणि डिस्कही तिच्याबरोबर गेली. कॅड सॉफ्टवेअरच्या लायसन्स सर्व्हरचा पत्ता कोणता, डेटाबेसचा क्लायंट कुठल्या आवृत्तीचा, पार्टिशन कसे पाडलेत, कार्यालयातल्या कुणालाच सांगता येईना. नव्या एजन्सीनं मशीनमागे दर लावला. शिवाय प्रत्येक मशीन वेगळ्या मुलानं केलं, म्हणजे पुन्हा तीच ३० तऱ्हांची गोष्ट.

त्या लॅबमध्ये एक मॅडम होत्या, बऱ्याच वर्षांच्या नोकरीच्या. इतकी वर्षं त्यांच्याकडे काम एकच, सर्व्हिस रिपोर्टवर सही करायची. पण त्यांच्याकडे एक वही होती. कुठलं सॉफ्टवेअर कुठल्या क्रमानं टाकलं, कोणता क्रम चुकला की काय अडतं, कुठली सेटिंग कुणासाठी बदलली, सगळं तारखेनिशी. शेवटी त्या वहीवरूनच इमेज पुन्हा उभी राहिली, आणि मॅडमनीच ती उभी केली. त्यांना कुणी कधी 'तंत्रज्ञ' म्हटलं नव्हतं. मला तर त्या इमारतीत त्यांच्याइतकं काटेकोर दुसरं कुणी भेटलं नाही.

पुढे त्यांनी जुन्या मशीनवर फॉग बसवायचं ठरवलं, आणि गाडी अडली डीएचसीपीवर, म्हणजे मशीनना नेटवर्कवरचे पत्ते वाटणाऱ्या सेवेवर. तुम्हीही नेमके तिथेच अडणार, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. मशीन नेटवर्कवरून बूट होतं तेव्हा ते ओरडून विचारतं, मला पत्ता द्या, आणि बूट कुठून करू तेही सांगा. पहिल्याचं उत्तर तुमच्या कॅम्पसचा डीएचसीपी देतो. दुसऱ्यासाठी त्याच डीएचसीपीत दोन नोंदी लागतात. ऑप्शन ६६ म्हणजे बूट सर्व्हरचा पत्ता, ऑप्शन ६७ म्हणजे फाइलचं नाव. दोन ओळींचं काम. पण डीएचसीपी होता नेटवर्क विभागाच्या ताब्यात, आणि तिथून उत्तर आलं, 'धोरणात बसत नाही.' अर्ज गेला, स्मरणपत्र गेलं, प्राचार्यांची शिफारस गेली. दोन ओळींसाठी सेमिस्टर निघून गेलं.

मग कुणीतरी सुचवलं, फॉगवरच डीएचसीपी चालू करा. मॅडमनी ठाम नकार दिला, आणि तो अगदी बरोबर होता. एका नेटवर्कवर दोन डीएचसीपी पत्ते वाटायला लागले की ऑफिसचं इंटरनेट जातं, ॲडमिशनचा फॉर्म अडकतो आणि शिव्या लॅबला पडतात. त्यांनी उपाय काढला प्रॉक्सी डीएचसीपीचा. डीएनएसमास्क नावाचा छोटा प्रोग्रॅम फॉगच्याच मशीनवर प्रॉक्सी मोडमध्ये चालवायचा. तो कुणालाच पत्ता देत नाही, पत्ता नेटवर्क विभागाचाच राहतो. तो फक्त नेटवर्कवरून बूट करू पाहणाऱ्या मशीनला सांगतो की फाइल अमुक ठिकाणी आहे. कुणाची परवानगी मोडली नाही, कुणाचं काही बिघडलं नाही. तुमच्याकडेही डीएचसीपीला हात लावता येत नसेल, तर आज एवढं एक जरी घेऊन गेलात तरी चालेल.

ज्यांनी १९९८-९९ च्या सुमाराला लॅब सांभाळली त्यांना घोस्ट आठवत असेल. फ्लॉपीवरून बूट करायचं आणि 'घोस्ट मारायचा'. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या मरे हझार्ड यांनी ते लिहिलं आणि १९९८ मध्ये सिमँटेकनं विकत घेतलं. तेव्हा ते चमत्कारासारखं वाटायचं, पण लायसन्सचे पैसे आपल्यासारख्यांना परवडायचे नाहीत. मग २००७ मध्ये चक सिपर्स्की आणि जिआन झँग यांनी फॉग सुरू केलं, मुक्त आणि फुकट. त्याच्या पोटात डिस्क वाचणारं जे पार्टक्लोन आहे, ते तैवानच्या राष्ट्रीय उच्चक्षमता संगणन केंद्रातल्या मंडळींचं. क्लोनझिला त्यांचंच. पार्टक्लोन फक्त भरलेले ब्लॉक वाचतो. डिस्क ५०० जीबीची असली आणि त्यात ४५ जीबीच माल असला, तर तेवढाच उचलतो आणि दाबून आणखी लहान करतो. शिवाय हे दाबण्या-उलगडण्याचं काम सर्व्हर करत नाही, समोरचं मशीन करतं. म्हणून सर्व्हरला जुना पीसी पुरतो. हे एचओडी सरांसाठी मुद्दाम सांगितलं, खरेदीचा प्रस्ताव लागत नाही.

चिठ्ठी आलीये, दहाच मिनिटं उरलीत. तर उभारणी.

जुना पीसी, गिगाबिट नेटवर्क कार्ड, एक टीबीची वेगळी डिस्क. त्यावर डेबियन किंवा उबुंटू सर्व्हर, पत्ता स्थिर. वेगळी डिस्क 'स्लॅश इमेजेस' या फोल्डरवर आधीच माउंट करा, नंतर हलवत बसू नका. मग फॉगचा कोड गिटवरून उतरवून इन्स्टॉलर चालवा. तो विचारेल डीएचसीपी चालवू का, तिथे 'नाही'. वेबपान उघडलं की पहिलं काम पासवर्ड बदलणं. मूळचं नाव 'फॉग' आणि पासवर्ड 'पासवर्ड' असाच असतो, आणि ते तुमच्या सेकंड इयरच्या मुलांनाही माहीत आहे.

बूटची फाइल जुन्या बायोसच्या मशीनला 'अनडिओन्ली' आणि नव्या यूईएफआयच्या मशीनला 'आयपीएक्सई' किंवा 'एसएनपीओन्ली'. लॅबमध्ये दोन्ही जातीची मशीन असतील तर डीएनएसमास्कमध्ये दोन्ही लिहून ठेवा. सिक्युअर बूट बंद करा. डिस्क दिसत नसेल तर बायोसमध्ये साटा रेड मोडवर आहे का बघा, तो एएचसीआयवर घ्या. बूट करताना आयपी मिळतच नसेल, तर बऱ्याचदा स्विचचा पोर्ट जागा व्हायला उशीर करत असतो. मध्ये साधा छोटा स्विच लावून बघा, चालला तर दोष तिथेच. आणि सर्व्हर लॅबच्याच व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या त्याच भागात, ठेवा.

आता इमेज. विंडोज टाकल्यावर पहिल्या पडद्यावर कंट्रोल-शिफ्ट-एफ३ दाबून ऑडिट मोडमध्ये जा आणि सगळं तिथे टाका. हायबरनेशन आणि फास्ट स्टार्टअप बंद, बिटलॉकर बंद, नाहीतर कॅप्चर, म्हणजे इमेज उचलणं, अडतं. फॉगचा क्लायंट टाकला असेल तर त्याची सर्व्हिस तेवढी बंद ठेवा, सेटअप पूर्ण झाल्यावर चालू होऊ दे. शेवटी सिसप्रेप, म्हणजे मशीनची स्वतःची ओळख पुसणारं विंडोजमधलंच साधन, चालवून जनरलाइज आणि शटडाउन. बंद झालेलं मशीन पुन्हा विंडोजमध्ये चालू करू नका, थेट नेटवर्क बूट करून कॅप्चर घ्या. काही जण म्हणतात सिसप्रेप नसला तरी चालतं. पूर्वी बऱ्यापैकी चालायचं. २०२५ च्या अपडेटनंतर एकच एसआयडी, म्हणजे विंडोजचा ओळख क्रमांक, असलेली विंडोज ११ ची मशीन एकमेकांकडे लॉगिन करू देईनात. त्यामुळे तो वाद आता मिटला. लिनक्सची इमेज असेल तर मशीन-आयडी रिकामा करा, नाहीतर दोन मशीन एकच आयपी मागतात. लायसन्सचंही बघा. मशीनबरोबर आलेल्या ओईएम लायसन्सवर इमेज वाटता येत नाही, त्यासाठी व्हॉल्यूम लायसन्स लागतं.

वाटताना हिशेब करा. इमेज २० जीबी, मशीन ३०. एकेकाला वेगळी पाठवली तर ६०० जीबी. स्विच १०० एमबीपीएसचा असेल तर १३ तासांच्या वर, गिगाबिट असेल तर दीड तासाच्या आसपास. म्हणून मल्टिकास्ट वापरा. बाई शुद्धलेखन एकदाच सांगतात आणि सगळा वर्ग लिहून घेतो, तसं सर्व्हर एकदाच पाठवतो आणि तिसाही मशीन लिहून घेतात. फक्त सगळ्यात हळू लिहिणाऱ्यासाठी सगळे थांबतात, तेव्हा जुनी हार्डडिस्क असलेली मशीन वेगळ्या गटात घ्या. आणि लाईट जाण्याची वेळ बघून लावा, यूपीएस फक्त सर्व्हरला आहे हे विसरू नका.

इमेजबरोबर वही ठेवा. काय टाकलं, कुठल्या क्रमानं, कुठल्या तारखेला. इमेजची दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत, आणि डेडस्टॉकमध्ये तिची नोंद. एएमसीच्या करारात एक ओळ घालून घ्या की इमेज संस्थेची राहील. ही ओळ एचओडी सरांनी घालायची आहे.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि आपल्या बऱ्याच लॅबमध्ये आठव्या पिढीच्या आधीचे इंटेल आहेत. त्यांच्यासाठी लिनक्सची इमेज मी बनवून आणलीये, इनस्क्रिप्ट कीबोर्डसकट. चहा झाला की दुसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये या, मल्टिकास्ट लावून दाखवतो. ज्यांना इमेज न्यायची आहे त्यांनी ६४ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह आत्ताच पुढे द्या.