दहा मिलचं तिकीट

नमस्कार श्रोतेहो. आज सायप्रस बेटावरच्या बेघर झालेल्या मुलांबद्दल बोलायचंय. पण आधी आमच्या रत्नागिरीच्या घरी आलेल्या एका पाकिटाची गोष्ट सांगते.

साल १९७९. मामा मालवाहू जहाजावर होता. त्याचं पत्र आलं ते सायप्रसच्या लिमासोल बंदरातून. मी तिकिटं जमवायची. पाकिटाचा कोपरा कापून वाटीतल्या पाण्यात टाकला. रंगीत तिकीट सुटलं, आणि त्यामागोमाग आणखी एक, इवलंसं, करडं-काळं. काटेरी तारा आणि एक लहान मूल. किंमत १० मिल, म्हणजे त्यांच्या पौंडाचा शंभरावा हिस्सा. मला वाटलं, पैसे कमी पडले म्हणून मामानं जोडलं असेल. आईनं ते ओल्या बोटावर घेतलं, खिडकीशी नेलं आणि म्हणाली, "अगं, हे तर आपल्या पाच पैशांच्या तिकिटासारखं!"

ज्येष्ठ श्रोत्यांना आठवेल. नोव्हेंबर १९७१ मध्ये, पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी माणसं आपल्याकडे आली होती, तेव्हा पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशिवाय पाच पैशांचं वेगळं तिकीट लावावं लागे. त्यावर छापलेलं असे, 'शरणार्थी सहायता'.

मामा सुट्टीवर आला तेव्हा आईनं त्याला पहिलं तेच विचारलं. तो म्हणाला, "ताई, पोस्टातल्या बाईंनी पत्र परतच केलं. हे चिकटवल्याशिवाय जाणार नाही म्हणाल्या." म्हणजे बघा, परदेशी खलाशाच्या पत्रावरही निर्वासितांचा वाटा. पुन्हा सांगते, प्रत्येक पत्रावर वाटा.

झालं होतं असं. जुलै १९७४ मध्ये सायप्रसमध्ये आधी सरकारविरुद्ध लष्करी उठाव झाला, पाच दिवसांनी तुर्की फौजा उतरल्या. ऑगस्टपर्यंत बेट दुभंगलं. सुमारे १,६०,००० ग्रीक सायप्रसवासी दक्षिणेकडे पळाले, चाळीस हजारांहून अधिक तुर्की सायप्रसवासी उत्तरेकडे गेले. पोरंबाळं आख्ना जंगलात झाडांखाली, शाळांच्या वर्गांत, मग तंबूंत राहिली. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख तेव्हा आपले जनरल प्रेमचंद होते.



त्या तिकिटावर बेटाचं नाव तुर्कीतही आहे, किब्रिस. हे मला फार मोलाचं वाटतं. आणि ते तिकीट बंद झालेलं नाही. दहा मिलचा एक सेंट झाला, आता दोन युरो सेंट. १९७४ पासून, प्रत्येक पत्रावर.

आईनं तिच्या डब्यातलं जपलेलं पाच पैशांचं तिकीट मला दिलं. माझ्या वहीत देशांप्रमाणे पानं होती. भारत पहिल्या पानावर, सायप्रस शेवटच्या. तिनं मात्र दोन्ही एकाच पानावर, शेजारी शेजारी लावायला लावली. अजून तशीच आहेत.